नाशिकच्या मित्रमेळ्याचीं पदें व त्यांचे परीक्षक

(१)

इ. स. १९०८ च्या आरंभीं नाशिक येथें 'लघु अभिनव भारत माला' या नांवानें पदांची एक लहानशी मालिका छापून प्रसिद्ध झाली. प्रकाशक गणेश दामोदर ऊर्फ बाबाराव सावरकर हे होते. पदें नाशिकचेच कवि गोविंद त्र्यंबक दरेकर यांचीं होतीं. जून १९०९ मध्यें या प्रकाशनाबद्दल बाबारावांस जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली, व नोव्हेंबर १९०९ मध्यें मुंबईच्या हायकोर्टानें ती कायम केली. पदांच्या एका चोपड्याबद्दल इतकी मोठी शिक्षा झाल्याचें दुसरें उदाहरण मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत आमच्या आढळांत नाहीं.

या खटल्याचा राजकीय इतिहास पुष्कळांनीं लिहिला आहे. तो पुन्हां सांगण्याचा आमचा हेतु नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्हांस पाहावयाचें आहे तें इतकेंच कीं, हीं पदें पदें म्हणून कोणीं कशीं तपासलीं. त्यांचे परीक्षक चार: ज्यांनीं तीं उत्सवांत ऐकलीं ते श्रोते, ज्यांनीं तीं जप्त केलीं ते सरकारी अंमलदार, ज्यांनीं त्यांचा अर्थ ठरविला ते न्यायमूर्ति, आणि ज्यांच्या हातीं तीं फार उशिरां पडलीं ते आमच्यासारखे शिकलेले वाचक. या चौघांचे अभिप्राय एकमेकांशीं जुळत नाहींत. ते कां जुळत नाहींत, याचा विचार केला असतां हस्तलिखितांच्या संग्राहकांस उपयोगी पडेल असें कांहीं हातीं लागतें, म्हणून हा लेखनप्रपंच.

(२)

प्रथम मेळा म्हणजे काय, तें सांगितलें पाहिजे. कारण आजच्या तरुण वाचकांपैकीं पुष्कळांनीं मेळा पाहिलेला नसणार. पुण्यास १८९३ सालीं सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, व १८९४ पासून टिळकांच्या पुरस्कारानें त्याचा प्रसार झपाट्यानें झाला. त्या उत्सवाबरोबर मेळे वाढले. मेळा म्हणजे गाणाऱ्या मुलांची टोळी. दहापंधरा मुलें, एकसारखा पोषाख, पुढें एक दोन गोड गळ्याचे, मागें झील धरणारे, जोडीस टाळ, झांजा, ढोलकी किंवा पेटी असें त्याचें सामान्य स्वरूप. प्रत्येक मेळ्याचा पदें रचणारा एक कवि असे. मेळा गांवांतल्या ठिकठिकाणच्या गणपतींपुढें हजेरी लावी. देवाचें एखादें पद म्हणावें, मग दारूबंदी, स्वदेशी, प्लेग, दुष्काळ असा त्या वर्षीं लोकांच्या तोंडीं असलेला विषय घ्यावा, आणि शेवटीं पुन्हां देवाकडे यावें, अशी रीत होती.

पदाच्या शिरावर चाल लिहिलेली असे. ती बहुधा लावणीची, नाटकांतल्या एखाद्या गाजलेल्या पदाची, किंवा भजनाची असे. शब्द नवे, चाल ओळखीची, हें मेळ्याचें मर्म. ऐकणाराला चाल आधींच येत असल्यानें दुसऱ्या कडव्यापासून तो स्वतः ध्रुवपद म्हणूं लागे. छापील कागदाची गरज श्रोत्यास फारशी पडत नसे. ज्याला दुसऱ्या गांवीं मेळा काढावयाचा असेल त्यालाच ती पडे.

मेळ्याचें दुसरें अंग पोवाड्याचें. डफ, तुणतुणें व झांज घेऊन उभ्यानें गाण्याची ही परंपरा जुनी आहे. अफझलखानाच्या वधावरचा अगीनदासाचा पोवाडा, सिंहगडावरचा तुळसीदासाचा, हे तर प्रसिद्धच आहेत. पेशवाईंतील शाहिरांपैकीं दोन नांवें नाशिकच्या आसपासचींच आहेत. परशराम हा सिन्नर तालुक्यांतील बावी या गांवचा, जातीनें शिंपी. अनंत फंदी संगमनेरचा. फंदीचा फटका म्हणजे उपदेश चाबकासारखा मारण्याची एक रीतच होऊन बसली, व पुढें स्वदेशीच्या काळीं तिचा उपयोग पुष्कळांनीं केला. सारांश, १९०० च्या सुमारास नाशिकांत जो कोणी लोकांसाठीं गाणें रचूं पाहील, त्याच्यापुढें तयार असलेलीं साधनें हीं होतीं: लावणीची चाल, फटक्याचा आवेश, पोवाड्याची कथा आणि मेळ्याची टोळी.

(३)

हीं साधनें ज्यानें एकत्र केलीं तो पुरुष गोविंद दरेकर. जन्म नाशिकचाच, १८७४ चा. लहानपणीं दोन्ही पाय गेले. शिक्षण थोडें. तिळभांडेश्वराच्या गल्लींत त्यांचें वास्तव्य होतें, व आबा पांगळे या नांवानें गांव त्यांना ओळखीत असे. तरुणपणीं त्यांनीं लावण्या रचल्या. ही गोष्ट कांहीं चरित्रकार ओशाळून सांगतात. आमच्या मतें ती अभिमानानें सांगण्यासारखी आहे. गण व मात्रा पुस्तकांतून शिकलेल्या कवीस श्रोता कोठें कंटाळतो हें ठाऊक नसतें. लावणी रचणाऱ्यास तें पहिल्याच दिवशीं कळतें.

१८९९ मध्यें प्लेगाच्या धामधुमींत सावरकर कुटुंब भगूरहून नाशिकास आलें. १ जानेवारी १९०० रोजीं मित्रमेळा ही संस्था स्थापन झाली. तिच्या बैठकी याच गल्लींत, आबा दरेकरांच्या माडीवर होत. नांव मेळ्याचें, आणि उत्सवांत ती मेळा म्हणून उभीही राही. आंतील हेतु मात्र राज्यक्रांतीचा होता. १९०४ मध्यें तिचेंच 'अभिनव भारत' झालें. या मंडळींच्या सहवासांत लावणीकार आबांचे कवि गोविंद झाले. त्यांनीं शिवाजी व रामदास यांचा संवाद रचला, अफझलखानाच्या वधाचा पोवाडा रचला. विनायकराव सावरकरांनीं सिंहगडाचा व बाजीप्रभूचा असे दोन पोवाडे रचले. ते दोन्ही पुढें सरकारनें जप्त केले. गणेशोत्सव व शिवजयंती या दोन प्रसंगीं मेळ्यांतील मुलांनीं हीं पदें म्हणावीं, आणि गांवानें तीं उचलावीं, असा क्रम होता.

पहिले परीक्षक ते हे श्रोते. त्यांचा अभिप्राय अनुकूल होता, हें वेगळें सिद्ध करावयास नको. पदें लोकांच्या तोंडीं बसलीं नसतीं तर सरकारनें त्यांची दखल घेतली नसती. परंतु हा अभिप्राय कोणीं लिहून ठेविला नाहीं. अमक्या चौकांत कोणतें कडवें पुन्हां म्हणावयास लावलें, कोठें हंशा पिकला, कोठें लोक गप्प झाले, झील कोणत्या शब्दावर धरली, याची टिपणें आमच्या पाहण्यांत नाहींत. सर्वांत महत्त्वाच्या परीक्षकाची साक्ष अशा रीतीनें दप्तरांत नाहीं, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

(४)

सरकारी अंमलदार हे दुसरे परीक्षक. मेळ्यांचीं व उत्सवांचीं पदें या वर्गास आरंभापासून खुपत होतीं. १९१८ च्या रौलट समितीनें आपल्या अहवालाच्या पहिल्याच प्रकरणांत मुंबई इलाख्याचा वृत्तान्त दिला आहे; त्यांत गणपति व शिवाजी या दोन उत्सवांपासून प्रारंभ करून, चापेकर मंडळींचे श्लोक व नाशिकचीं हीं पदें एकाच सूत्रांत ओविलीं आहेत. अंमलदारांची परीक्षा सोपी असे: पद कोणाच्या विरुद्ध आहे, इतकाच प्रश्न. काव्य बरें कीं वाईट, याच्याशीं त्यांस कर्तव्य नव्हतें. किंबहुना काव्य जितकें बरें तितकें तें अधिक घातुक, असाच त्यांचा हिशेब असावयाचा.

तिसरी परीक्षा न्यायालयाची, आणि आमच्या मतें सर्वांत विचारणीय तीच आहे. बाबारावांवर पिनल कोडाच्या कलम १२४ अ प्रमाणें राजद्रोहाचा आरोप होताच. पण मुख्य आरोप कलम १२१ चा, म्हणजे बादशहाविरुद्ध युद्धास चिथावणी दिल्याचा होता. पदांत ना तोफा, ना कट. शब्द, चाल व ध्रुवपद एवढेंच. मग युद्धास चिथावणी कशी झाली, हें ठरविण्यास पदांचा अर्थ लावणें भाग होतें. हायकोर्टांत हें काम न्या. नारायण गणेश चंदावरकर व न्या. हीटन यांजकडे आलें. चंदावरकर हे १९०० च्या लाहोर काँग्रेसचे अध्यक्ष, रानड्यांच्या मागें प्रार्थनासमाजाचे धुरीण. मराठी पद्य त्यांस दुभाष्याकडून ऐकावें लागत नव्हतें. १९०८ मध्यें टिळकांच्या खटल्यांत सरकारी भाषांतरकारांनीं मराठी शब्दांचे केलेले अर्थ बरोबर कीं चूक, यावर मोठा वाद झाला होता. येथें वाचणारा न्यायाधीश स्वतःच मराठी जाणणारा होता.

चंदावरकरांच्या निर्णयाचा मथितार्थ असा: पदांतून देवदेवतांचीं व शिवाजीसारख्या वीरांचीं जीं नांवें येतात तीं निमित्तमात्र आहेत, कर्त्याचा खरा विषय हा कीं, राज्य परकें व जुलमी आहे, म्हणून तलवार घेऊन तें उलथून टाका. युद्धावांचून कोणतें राष्ट्र स्वतंत्र झालें, असा प्रश्न विचारणारें पद या मालिकेंत होतें. त्याचा रोख झांकण्याचा कवीनें प्रयत्नही केलेला नव्हता. नुसता मनाचा क्षोभ उत्पन्न करणें वेगळें आणि प्रत्यक्ष कृतीस उद्युक्त करणें वेगळें, हा भेद न्यायालयानें मान्य केला, व हीं पदें दुसऱ्या प्रकारांत पडतात असें ठरविलें.

आतां अलंकारशास्त्राच्या विद्यार्थ्यानें या निर्णयाकडे पाहावें. आनंदवर्धनानें काव्याचा आत्मा ध्वनि असें प्रतिपादिलें. वाच्यार्थ हें शरीर. व्यंग्यार्थ प्रधान असेल तर तें काव्य उत्तम. पद म्हणतें देवीनें दैत्य मारिला; श्रोता समजतो तें निराळेंच. हा व्यंग्यार्थ येथें गौण नसून प्रधान आहे, असें न्यायालयानें साधार दाखविलें. म्हणजे ज्यास आपण शास्त्रांत ध्वनि म्हणतों तोच शोधून काढून त्यावर शिक्षा ठेविली! मम्मटानें काव्याचा उपदेश कांतासंमित, म्हणजे प्रिय स्त्रीच्या बोलण्यासारखा गोडीनें वळविणारा, असें सांगितलें आहे. काव्य माणसास कृतीस वळवितें हें त्याचें म्हणणें आम्हीं वर्गांत पुष्कळ वर्षें शिकविलें; पण तें अक्षरशः खरें धरून चालणारा परीक्षक आम्हांस या निकालांतच प्रथम भेटला.

हें लिहितांना न्यायालयाचा निर्णय न्याय्य होता असें आमचें म्हणणें नाहीं. पदांबद्दल जन्मठेप ही शिक्षा अतिरेकाची होती, व ती प्रकाशकास झाली, हेंही ध्यानांत घ्यावें. इतकेंच म्हणावयाचें कीं अर्थ लावण्यांत न्यायमूर्तींची चूक झालेली नाहीं. पुराणकथा हें निमित्त होतें यांत संशय नाहीं. मात्र हें निमित्त करणें ही लबाडी नव्हे; ती आपल्या कीर्तनाची व शाहिरीची जुनी रीत आहे. कीर्तनकार पूर्वरंगांत तत्त्व सांगतो, उत्तररंगांत आख्यान लावतो, आणि ऐकणारा आख्यानांतल्या राजाच्या जागीं आपल्या गांवचा पाटील बसवितो. न्यायालयानें ध्वनि ओळखला. पण त्यापुढें कागद होता, चाल नव्हती. तेंच पद कोणत्या चालीवर, कोणत्या प्रसंगीं, आधीं कोणतें पद होऊन म्हटलें गेलें, हा विचार तेथें होणें शक्यही नव्हतें.

(५)

या प्रकरणांतील एक योगायोग पुराणवस्तूंच्या व लोकवाङ्मयाच्या अभ्यासकांस चटका लावणारा आहे. बाबारावांचा खटला ज्यांच्या हातून पुढें गेला ते नाशिकचे कलेक्टर आर्थर मेसन टिपेट्स जॅक्सन हे संस्कृतज्ञ होते. लोक त्यांस पंडित जॅक्सन म्हणत. मुंबई गॅझेटियरच्या पहिल्या खंडांत भिनमाळाविषयीं त्यांचें लेखन आहे. लोकांचे आचार, समजुती, दैवतें, भुतेंखेतें यांची माहिती प्रश्नावली पाठवून, ठिकठिकाणच्या शाळामास्तरांच्या उत्तरांवरून, त्यांनीं गोळा केली होती. २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशिकच्या विजयानंद नाटकगृहांत, किर्लोस्कर मंडळीचें 'शारदा' नाटक पाहण्यास आले असतां, अनंत कान्हेरे यानें त्यांस गोळ्या घालून मारिलें. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे या तिघांस १९ एप्रिल १९१० रोजीं ठाण्यास फांशी झाली. जॅक्सन यांनीं जमविलेली सामग्री पुढें एन्थोवेन यांनीं लावून दोन भागांत प्रसिद्ध केली: गुजराथचा भाग १९१४ मध्यें, कोंकणचा १९१५ मध्यें. तळटीपांतून गांवोगांवच्या शाळामास्तरांचा उल्लेख आहे. आमच्या धंद्याचा असा उल्लेख शोधग्रंथांत क्वचितच होतो.

जॅक्सन यांच्या मृत्यूची राजकीय बाजू येथें तोलावयाची नाहीं. पण संग्राहक म्हणून आपण आपणांस एक प्रश्न विचारावा. विहिरींतल्या जलदेवतांची व पिंपळावरच्या मुंजाची टिपणें जो साक्षेपानें करवितो, त्याच्या कचेरीजवळच्या गल्लींत मुलें लोकांच्याच चालीवर गात होतीं, तीं पदें त्याच्या दृष्टीनें 'लोकवाङ्मय' कां नव्हतीं? उत्तर सरळ आहे. जें जुनें, निरुपद्रवी व कर्त्याच्या नांवावांचून असतें तें लोकांचें, असें आपण धरून चालतों; जें कालच रचलें गेलें व आज गाइलें जातें, त्यास आपण दुसऱ्या कपाटांत टाकतों. हा दोष एकट्या जॅक्सन यांचा नव्हे. आमच्याही मंडळींचा आहे.

(६)

चौथे परीक्षक शिकलेले वाचक. त्यांचा अभिप्राय उशिरां आला, याचें पहिलें कारण जप्ती. १९१० च्या प्रेस ॲक्टानें सरकारास जप्तीचे मोठे अधिकार मिळाले, व पुढें पुष्कळ वर्षें असलें वाङ्मय जवळ बाळगणें हेंच धोक्याचें झालें. सावरकरांच्या वाङ्मयावरील बंदी मुंबई सरकारनें १९४६ मध्यें उठविली. गोविंद कवि तें पाहण्यास नव्हते. ते १९२६ मध्यें वारले. इतक्या अवधींत मराठी काव्याची अभिरुचि केशवसुत, गोविंदाग्रज, रविकिरणमंडळ अशीं वळणें घेऊन कोठल्या कोठें गेली होती. एका पिढीनें चौकांत ऐकलेलें पद दुसऱ्या पिढीनें संग्रहांत वाचलें, आणि तें तिला भाषणासारखें वाटलें.

आमचें स्वतःचें मत प्रथम असेंच झालें होतें. संस्कृत वृत्तांवर पोसलेल्या कानास या पदांत यतिभंग ऐकूं येई. मात्रा कोठें कमी, कोठें जास्त. एकच कल्पना तीन कडव्यांत तीनदां. तत्सम शब्दांच्या शेजारीं एकदम बाजारी शब्द. मुलांस हें काव्य शिकवितांना देशभक्तीचें उदाहरण म्हणून आम्हीं तें आदरानें सांगत असूं, व काव्य म्हणून मनांतल्या मनांत कमी गुण देत असूं.

हें मत आम्हांस आतां अर्धवट वाटतें. माधव जूलियन यांनीं 'छंदोरचनें'त (१९३७) जातींचा विचार करतांना दाखविलें आहे कीं, मराठी पद्याचा मोठा भाग आवर्तनावर चालतो. ताल ठराविक अंतरानें परत येतो, व मधलीं अक्षरें गाणारा लांबवितो किंवा आंखडतो. अशा रचनेस गणवृत्ताची फूटपट्टी लावणें म्हणजे ओवी मोजून तिला शार्दूलविक्रीडित कां नाहीं म्हणून विचारणें होय. जो शब्द वाचतांना लांबतो तो झीलकऱ्याच्या तोंडीं बरोबर समेवर बसतो. एकच कल्पना तीनदां येते, कारण मेळ्याभोंवतींच्या गर्दींत मागच्या माणसास ती पहिल्यानें ऐकूं जात नाहीं.

म्हणून सगळेंच गोड मानावें असें मात्र नाहीं. कांहीं ठिकाणीं आवेश आहे व चित्र नाहीं. शत्रूचें वर्णन ठराविक सांच्याचें आहे. जुना शाहीर लढाईंत घोड्याचें, जखमेचें, गडाच्या कड्याचें जें बारीक वर्णन करतो तें येथें विरळा; कारण जुन्या शाहिरास घडलेलें सांगावयाचें होतें, यांस घडवावयाचें होतें. हे दोष चाल लावूनही जात नाहींत. पण दोष कोणता शब्दांचा व कोणता आमच्या वाचनाचा, हें निवडण्यास चाल हाताशीं असली पाहिजे, एवढें खरें.

(७)

इतिहासाचें साधन म्हणून या पदांची किंमत काय, हा प्रश्न या त्रैमासिकाच्या वाचकांस साहजिकच पडेल. शिवकालाचा पुरावा म्हणून ती शून्य आहे, हें निःशंकपणें सांगावें. शिवसमर्थांच्या संवादावरून त्या दोघांच्या भेटीचा शक कोणी ठरवूं लागेल तर तो हास्यास्पद होईल. जुन्या पोवाड्यांसही ही कसोटी लावावी लागते. सभासद राजारामाच्या कारकीर्दींत जिंजीस लिहितो. तानाजीनें निवडक पांचशें माणूस घेऊन कडा चढल्याचें तो सांगतो, पण घोरपडीचें नांव घेत नाहीं. घोरपड तुळसीदासाच्या पोवाड्यांत आहे, आणि लोकांच्या मनांत सभासद नसून तुळसीदास आहे. ॲक्वर्थ व शाळिग्राम यांनीं १८९१ मध्यें पोवाड्यांचा संग्रह छापला, तेव्हांपासून या तऱ्हेचा विवेक आपणांस करतां येऊं लागला. ॲक्वर्थ यांनीं त्यांतील कांहीं पोवाडे इंग्रजी पद्यांत उतरवून १८९४ मध्यें लंडनास प्रसिद्ध केले; तेथेंही शब्द गेले, डफ मागें राहिला.

परंतु १९०० ते १९०९ या दहा वर्षांचा पुरावा म्हणून हींच पदें पहिल्या प्रतीचीं आहेत. नाशिकच्या सामान्य माणसास शिवाजी कोणत्या रूपांत दाखविला जात होता, रामदास त्याच्या शेजारीं कां बसविला, स्वातंत्र्य हा शब्द कोणत्या चालीवर प्रथम कानीं पडला, हें वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांवरून कळत नाहीं. अग्रलेख वाचणारे थोडे, मेळा ऐकणारे पुष्कळ. समकालीन कागद तो हाच.

असला समकालीन कागद बंदीच्या काळांतून वांचला तो दोन ठिकाणीं. एक, खुद्द बंदी घालणाऱ्यांच्या कपाटांत. जप्त वाङ्मयाच्या प्रती लंडनास इंडिया ऑफिसांत व दिल्लीस सरकारी दप्तरांत ठेविल्या गेल्या. बॅरियर यांचा बंदी घातलेल्या वाङ्मयावरील ग्रंथ १९७४ मध्यें निघाला, व लंडनच्या संग्रहाची शॉ आणि लॉइड यांनीं केलेली सूचि १९८५ मध्यें छापली गेली. ज्यांनीं नाश करावयाचें ठरविलें त्यांनींच व्यवस्थित क्रमांक घालून जतन केलें! दुसरें ठिकाण घरोघरच्या वह्या. छापील प्रत बाळगणें अवघड, म्हणून ज्यांस पदें आवडत ते तीं हातानें उतरून घेत किंवा पाठ करीत. सरकारच्या कपाटांत छापील शब्द मिळतो. वहींत मात्र कधीं कधीं चाल लिहिलेली असते, पाठभेद असतो, कोणत्या उत्सवांत म्हटलें त्याची खूण असते.

(८)

येथें आमची एक चूक सांगणें प्राप्त आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत नाशिकांतल्या एका जुन्या वाड्यांतील वृद्ध गृहस्थ आमच्याकडे एक शिवलेली वही घेऊन आले. आमच्या वर्गांतील एका मुलाचे ते आजोबा. वहींत त्यांच्या वडिलांनीं उतरलेलीं भजनें, आरत्या, नाटकांतलीं पदें, आणि मधूनमधून मेळ्याचीं पदें होतीं. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका पानोपानीं. आम्हीं दहा मिनिटें वही चाळली, दोन चार अशुद्धें दाखविलीं, आणि यांत नवीन कांहीं नाहीं असें सांगून परत दिली. ते म्हणाले, "मास्तर, वाचूं नका, म्हणून पाहा." आणि तेथेंच टेबलावर बोटांनीं ताल धरून त्यांनीं एक पद म्हटलें. जो शब्द आम्हीं अशुद्ध म्हणून दाखविला होता, तो त्यांच्या तोंडीं तालांत बरोबर बसत होता. ही गोष्ट तेव्हां आमच्या कानास कळली, पण बुद्धीस कळण्यास वीस वर्षें लागलीं. पुढें आम्हीं त्या वाड्याच्या शोधांत गेलों तेव्हां वाडा पाडून तेथें नवी इमारत उठत होती. आजोबा वारले होते. कागद रद्दींत गेले होते. नातवास चालीचा मुखडा तेवढा आठवत होता, शब्द आठवत नव्हते. शब्द आम्हांस छापील संग्रहांत मिळाले असते; तीं कडवीं कोणतीं होतीं, हें आतां आम्हांस सांगतां येत नाहीं.

पोथी जुनी असेल तर आपण तिला रुमालांत बांधतों, तिच्या पत्रांची संख्या, ओळी, लेखकाचें नांव व शक टिपतों. शंभर सवाशें वर्षांची रेघांची वही मात्र आपल्या हिशेबीं पोथी नव्हे. ही भेदबुद्धि आतां टाकली पाहिजे, असें आमचें नम्र सांगणें आहे. ज्यांच्या घरीं अशी वही असेल त्यांनीं ती रद्दींत घालण्यापूर्वीं एखाद्या मंडळास दाखवावी. ज्या संग्राहकाच्या हातीं ती पडेल त्यानें पदाच्या शिरावरची चाल जशीच्या तशी उतरावी. शुद्धलेखन सुधारूं नये. छापील पाठाशीं जेथें फरक असेल तेथें दोन्ही पाठ द्यावे. उतरणाऱ्याचें गांव व धंदा समजल्यास टिपावा. घरांत कोणी वृद्ध मनुष्य तें पद म्हणत असेल, तर तें म्हणतांनाच ध्वनिमुद्रित करून घ्यावें. हल्लीं यास यंत्राची वाण नाहीं, फक्त वेळेवर जाण्याची आहे. म्हणणारा विसरला तर अडलेली जागा तशीच ठेवावी, आपल्या पदरचा शब्द घालूं नये.

चार परीक्षकांपैकीं तिघांचे अभिप्राय कागदावर आहेत. अंमलदारांचा, न्यायमूर्तींचा व आमच्यासारख्यांचा. त्या तिघांपुढें शब्द होते. ज्यांच्यापुढें शब्द व चाल दोन्ही होतीं त्या श्रोत्यांची साक्ष अजून कोठें कोठें एखाद्या वहींत किंवा एखाद्या नातवाच्या कानांत शिल्लक असेल. ती मिळाल्यावांचून या पदांविषयीं शेवटचें मत देण्याचा अधिकार आमचा नाहीं, असें समजून आम्हीं हा लेख येथें संपवितों. व नाशिक, सिन्नर, संगमनेर या बाजूच्या वाचकांकडून अशा वह्यांची वार्ता येईल अशी आशा बाळगतों.